बाहुल्या झाल्या, पण इंग्रजी कुठे गेली?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. ज्यांच्या नजरेतून तो सुटला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही चोपडा तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग घेता. पट 31. निम्म्याहून जास्त मुलं घरी अहिराणी बोलतात, सात मुलं पावरा आदिवासी वस्तीवरची आहेत. बाहुल्यांतून इंग्रजी शिकवता येते हे प्रशिक्षणात पाहिलं, म्हणून तुम्ही पदरमोड करून साहित्य आणलंत, प्रत्येक मुलासाठी वेगळी पिशवी भरलीत आणि दोन दिवसांत बाहुल्या करून घेतल्या. तिसऱ्या दिवशी एकेकाने बाहुली हातात घेऊन 'माय नेम इज टायगर, आय लिव्ह इन द जंगल' म्हणून दाखवलं. आठवड्याने विचारलं तर कुणालाच काही आठवेना. त्यातच भेटीला आलेले साहेब म्हणाले, 'हा तर कार्यानुभवाचा तास झाला, यात इंग्रजी कुठे आहे?' पद्धतच फसवी आहे की माझंच काही चुकलं, असं तुम्ही विचारलंय.

पद्धत फसवी नाही. तुमची मेहनतही वाया गेलेली नाही, त्या 31 मुलांना तुमच्या वर्गात यावंसं वाटतंय. साहेबांचा प्रश्न मात्र बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. तुम्ही बाहुल्या करून घेतल्या मराठीत आणि इंग्रजी बोलून घेतली बाहुल्या झाल्यावर. मुलं खऱ्या अर्थाने गुंतलेली होती ते दोन दिवस, आणि त्या दोन दिवसांत इंग्रजीची कुणाला गरजच पडली नाही. प्रत्येकाच्या पिशवीत सगळं होतं. मागायचं काही नाही, विचारायचं काही नाही, भांडायचंही काही नाही. मग बोलणार कशाला? इंग्रजी आली ती शेवटच्या दिवशी, पाठ केलेल्या दोन ओळींत, जेव्हा पोरांचं लक्ष आपला वाघ घरी कधी नेता येतो याकडे लागलेलं होतं.

मी धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या शाळांत बावीस वर्षं लहान मुलांना शिकवलं. 2000 सालापासून आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हापासून हा विषय माझ्यासोबत आहे. 2004 च्या 26 जानेवारीला मीही मुलांच्या हातात बाहुल्या देऊन इंग्रजी संवाद बसवला होता. एका मुलाला ओळ आठवली नाही. बाहुली हातात तशीच धरून तो सगळ्या गावासमोर रडायला लागला. त्या दिवशी ती बाहुली त्याच्या उपयोगाची राहिली नाही, उलट त्याच्या अडचणीचं कारण झाली. पुढच्या वर्षीपासून मी संवाद बसवणं सोडलं आणि बाहुली तयार होतानाच्या वेळाकडे बघायला लागले.

पुढे जे सांगते त्यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. पट साठ असेल तर मी वेगळं सांगितलं असतं. बालवाडीतली चार वर्षांची मुलं असतील तर बनवण्याचा भाग जवळजवळ काढूनच टाकला असता, कारण त्यांची बोटं अजून कात्रीला तयार नसतात. तुमची स्वतःची इंग्रजी किती सहज आहे यावरही काही गोष्टी ठरतील, पण तुम्हाला वाटते तेवढ्या नाहीत. या कामाला वीस-पंचवीस वाक्यं लागतात. ती नीट आणि न घाबरता म्हणता आली की झालं. आणि रामदास पाध्यांसारखं ओठ न हलवता बोलता यायला हवं, हा गैरसमज काढून टाका. सहा वर्षांचं मूल तुमच्या ओठांकडे बघतच नाही, ते बाहुलीकडे बघतं. तुम्ही फक्त स्वतःही बाहुलीकडे बघत बोला.

पहिला बदल हा करा की पिशव्या बंद, दुकान सुरू. सगळं साहित्य एका कोपऱ्यात, बाकावर मांडा. त्या दुकानात बसेल एक बाहुली, आणि त्या बाहुलीला मराठी कळत नाही. अहिराणीही नाही. माझ्याकडे जुन्या मोज्याची एक बकरी होती. आधी मी मोज्याचा पोपट केला होता, पण पोपट म्हटला की मुलं 'बोल, बोल' म्हणत त्याच्याकडून वदवून घ्यायला लागली. म्हणजे पुन्हा घोकणंच. बकरी आली तसा सगळा रंग पालटला. मुलांनीच तिचं नाव रोझी ठेवलं. ती कुठून आली, तिला मराठी का येत नाही, यावर वर्गात मोठी चर्चा झाली आणि ती विमानातून आली असं मुलांनीच ठरवलं. मी त्यात काही घातलं नाही. मुलांनी स्वतः ठरवलेली गोष्ट मुलंच पाळतात. बकरीशी चुकून मराठीत बोलणाऱ्याला शेजारचाच दटावायचा, 'तिला कळत नाही ना!'

आता दुकानात काय घडतं ते बघा. मुलाला लाल लोकर हवी आहे. तो बोट दाखवतो. रोझी हिरवी लोकर उचलते आणि विचारते, 'ग्रीन?' तो मान हलवतो. रोझी निळी उचलते, 'ब्लू?' आता त्याला राहवत नाही. 'नो! रेड!' हा 'रेड' त्याला कुणी म्हणायला लावलेला नाही. तो त्याला लागला म्हणून आला. रोझी लोकर देते आणि सहज म्हणते, 'रेड वूल. हिअर यू आर.' पंधरा दिवसांनी तोच मुलगा 'रेड वूल' म्हणेल. महिन्याने 'गिव्ह मी रेड वूल' म्हणेल, कदाचित 'प्लीज'ही लावेल. बाजाराच्या दिवशी आईचं बोट धरून गेलेल्या मुलाला दुकानात मागावं कसं हे शिकवावं लागत नाही, फक्त शब्द नवे असतात.

31 मुलं एका दुकानावर आली तर गोंधळ होईल, म्हणून गट करा. पाच गट, प्रत्येकात पहिलीची आणि दुसरीची मुलं मिसळून. प्रत्येक गटाला एकच कात्री, खळीची एकच वाटी. साहित्य कमी ठेवणं ही इथे काटकसर नाही, ती युक्ती आहे. कात्री एकच असली की 'गिव्ह मी द सिझर्स' म्हणावंच लागतं, 'वेट' म्हणावं लागतं, 'माय टर्न' म्हणावं लागतं. दुकानात पहिल्या आठवड्यात फक्त दुसरीची मुलं पाठवा. पहिलीची मुलं जवळ उभी राहून ऐकतील. एकत्र वर्ग ही तुमची अडचण आहे असं तुम्ही लिहिलंय. या कामात तरी ती सोय आहे. पुढे दुसरीच्याच एखाद्या मुलीच्या हातात रोझी द्या. दुकानदार झालेली मुलगी गिऱ्हाइकापेक्षा तिप्पट बोलते.

दुसरा बदल वेगाचा. तुम्ही दोन दिवसांत बाहुल्या संपवल्या. मी एका बाहुलीला तीन आठवडे घेते. एका तासात एकच अवयव. एका दिवशी फक्त डोळे, दुसऱ्या दिवशी फक्त कान, मग नाक, मग तोंड, मग शेपटी. 35 मिनिटांच्या तासात प्रत्यक्ष कापणं-चिकटवणं पंधरा मिनिटं, बाकी वेळ ऐकणं आणि बोलणं. डोळ्यांच्या दिवशी 'आइज' हा शब्द वर्गात किती वेळा कानावर पडतो आणि ओठांवर येतो ते मोजून बघा. टू आइज. बिग आइज. ब्लॅक आइज. व्हेअर आर द आइज? नो आइज! अर्धवट राहिलेली बाहुली दुसऱ्या दिवशी मुलाला शाळेत ओढून आणते हा वेगळा फायदा. माझ्या वर्गात एक मुलगा ताप असताना आला होता, कारण त्या दिवशी त्याच्या कोल्ह्याला शेपटी लागायची होती. त्याला घरी पाठवावं लागलं, पण शेपटी लावूनच.

त्या तीन आठवड्यांतला पहिला आठवडा मुलांकडून एकही इंग्रजी शब्द मागू नका. हे सगळ्यात अवघड जातं, आपल्याला लगेच उत्तर ऐकायची सवय असते. मुलं आधी ऐकतात, अंगाने करतात, आणि मग कधीतरी बोलतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी 1960 च्या दशकात हीच गोष्ट एका पद्धतीच्या रूपात मांडली: सूचना ऐका, त्याप्रमाणे हालचाल करा, बोलणं मागाहून येईल. आपल्या आयाही हेच करतात. रांगणाऱ्या बाळाला 'दे' म्हटलं की ते हातातली वस्तू देतं, 'दे' हा शब्द ते नंतर कधीतरी म्हणतं. बाहुली बनवणं म्हणजे तर सगळ्या सूचनाच आहेत. फोल्ड द पेपर. कट हिअर. स्टिक इट. प्रेस, प्रेस, प्रेस. तुम्ही करत जा आणि म्हणत जा, मुलं करत जातील.

आणि याच आठवड्यात रोझीला चुका करू द्या. तुम्ही बाहुलीचं तोंड तयार करताय आणि शेजारी बसलेली रोझीही करतेय. 'स्टिक द इअर,' तुम्ही म्हणता, आणि रोझी कान हनुवटीवर चिकटवते. वर्ग ओरडतो. सुरुवातीला मराठीत ओरडेल, ओरडू द्या. रोझी ऐकते, तिला कळत नाही, ती कान आणखी खाली नेते. मग कुणीतरी, बहुधा मागच्या रांगेतलं, 'अप! अप!' म्हणेल. रोझी कान वर नेते. त्या पोराच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठीच मी हे काम करते. एका शब्दाने त्याने कुणालातरी हलवलं. भाषेचा उपयोग काय असतो हे त्याला समजलं, आणि ते समजावून सांगायला मला काही बोलावं लागलं नाही.

बाहुली चुकते, म्हणून मुलांना चुकायची भीती राहत नाही. आपल्या साक्रीकडच्या भोवाड्यात मुखवटा चढवला की एरवी चारचौघांत न बोलणारा माणूस कसा नाचतो, ते तुम्ही पाहिलं असेल. सोंग घेतलं की बोलणारा तो राहत नाही, सोंग बोलतं. मुलाच्या हातातल्या बाहुलीचंही तसंच आहे. चुकला तर वाघ चुकला. म्हणून वाघाने 'मी टू इअर्स' म्हटलं तर मुलाला अडवू नका. रोझीकडून बरोबर वाक्य ऐकवा: 'यू हॅव टू इअर्स? आय हॅव टू इअर्स!' बस. 'परत म्हण' म्हणू नका. 'परत म्हण' म्हटलं की सोंग गळून पडतं आणि पुन्हा बाई आणि विद्यार्थी उरतात.

हे 'आय हॅव' मुद्दाम घेतलं, कारण आपल्या मुलांची खरी अडचण इथे आहे. आपण 'मला दोन कान आहेत' म्हणतो, अहिराणीत 'माले दोन कान शेतस' म्हणतो. आपल्या बोलण्यात कान 'असतात', ते कुणी 'बाळगत' नाही. इंग्रजीतलं 'हॅव' आपल्याकडे नाहीच. म्हणून 'मी टू इअर्स' ही आळसाची चूक नाही, ते शब्दाला शब्द लावलेलं अहिराणी वाक्य आहे. फळ्यावर शंभर वेळा लिहून ते सुटत नाही. पण मुलाने स्वतः एक-एक अवयव चिकटवलेली बाहुली हातात असते तेव्हा आज एक कान, उद्या दुसरा, अशी मोजणी चालते आणि 'आय हॅव वन इअर. नाऊ आय हॅव टू इअर्स' हे सहज बसतं. माझ्या अनुभवात बाहुलीच्या अंगाइतकी चांगली जागा 'आय हॅव'ला दुसरी नाही.

याच्या उलट एक गोष्ट तुमच्या अहिराणी मुलांना फार लवकर येईल, तिचा फायदा घ्या. 'काय करी ऱ्हायना रे?' असं विचारलं की मुलगा सांगतो, 'कापी ऱ्हायनू'. मुलगी सांगते, 'कापी ऱ्हायनी'. हा 'ऱ्हायनू' म्हणजे चालू असलेलं काम, इंग्रजीतलं 'आय ॲम कटिंग' नेमकं तेच सांगतं. मी मुलांमधून फिरताना रोझीला हातात घेऊन विचारत राहते, 'व्हॉट आर यू डुइंग?' सुरुवातीला उत्तर 'कापी ऱ्हायनू' असंच येतं. रोझी मान डोलावते, 'ओह, यू आर कटिंग!' चौथ्या-पाचव्या दिवशी 'कटिंग' एकटाच येतो. मग मागून 'आय ॲम' येतो. मुलाची बोली बंद करून इंग्रजी आणता येत नाही. तिच्या खांद्यावर बसवून आणता येते. तुम्हाला अहिराणी कळते, तेव्हा हे तुमच्या हातात आहे. फक्त लक्षात ठेवा, अहिराणी तुम्हाला कळते, रोझीला नाही.

उच्चाराचं थोडक्यात. परदेशी ढब आणायला जाऊ नका. 'सिझर' नव्हे 'सिझर्स', 'इअर' आणि 'इअर्स' यांतला शेवटचा आवाज, 'इस्टिक' नव्हे 'स्टिक', एवढं सांभाळा. मुलं तुमचं ऐकून बोलणार आहेत, म्हणून ती पंचवीस वाक्यं आधी मोबाइलवर स्वतः रेकॉर्ड करून ऐका.

आता साहित्य. यावर तुम्ही खर्च केलात त्याचं मला वाईट वाटलं, कारण आपल्याकडे खर्च जवळजवळ लागत नाही. लग्नसराईनंतर घरोघरी पत्रिकांचे गठ्ठे पडलेले असतात. तो पुठ्ठा जाड, रंगीत आणि लहान हातांना कापता येईल असा असतो. किराणा दुकानातल्या खाकी कागदी पिशव्या घ्या. पिशवीचा घडीचा तळ हेच बाहुलीचं तोंड होतं, चार बोटं घडीत आणि अंगठा खाली घातला की ते उघडमीट करतं. तुमच्या वर्गासाठी मी हीच पिशवीची बाहुली सुचवेन. पहिलीतल्या ज्यांना तेही जड जाईल त्यांना काठीवरची बाहुली द्या. बोटबाहुल्या दिसायला गोड, पण त्या कापणं सहा वर्षांच्या मुलाला जमत नाही आणि लगेच फाटतात. मोज्याच्या बाहुलीला सुईदोरा लागतो, ती तुमची तुम्ही करा. दोऱ्यांवर नाचणारी कळसूत्री बाहुली या वयाला नकोच. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलाकार ती पिढ्यानपिढ्या शिकत आलेत, ती एका तासात हाताळायची वस्तू नाही.

काठीसाठी कपाशीच्या पऱ्हाट्या घेऊ नका, जरी त्या गावात ढिगाने पडलेल्या असल्या तरी. एक तर त्या टोचतात आणि दुसरं म्हणजे कपाशीवर हंगामभर औषधं फवारलेली असतात. मुलांची बोटं सारखी तोंडात जातात. ज्वारीच्या ताटाची साल बोट कापते. जुन्या वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी करा, चांगली काठी होते, आणि 'रोल, रोल, रोल' म्हणत सगळ्या वर्गाला करता येते. सरकी काढलेला कापूस दाढीला, केसांना. केळीच्या वाळलेल्या सोपटाच्या पट्ट्या फाडल्या की सिंहाची आयाळ अशी होते की बाजारातली लोकर फिकी पडावी. केळीच्या बागेतून मुलंच आणतील. आणि आणलेली वस्तू दुकानात जमा करताना रोझी विचारेलच, 'व्हॉट इज धिस?' डोळ्यांसाठी बटणं आणि मणी वापरू नका. मणी नाकात घातलेल्या मुलाला घेऊन मी एकदा दवाखान्यात धावले आहे. काळ्या-पांढऱ्या कागदाच्या टिकल्या पुरतात.

चिकटवायला खळ. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न राहतील असा कालवायचा, मग चार वाट्या उकळतं पाणी ढवळत ओतायचं आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवायचं. कीड लागू नये म्हणून काही जण खळीत मोरचूद घालतात. लहान मुलांच्या वर्गात ते अजिबात नको, ते विष आहे. खळ दोन दिवसांपुरतीच करा, आपल्या उन्हाळ्यात तर दुसऱ्याच दिवशी आंबते.

वेळेचंही असंच. हे काम एप्रिलमध्ये करू नका, सकाळच्या शाळेत आणि त्या उकाड्यात कुणाचं चित्त थाऱ्यावर नसतं. दिवाळीनंतर वस्तीवरची काही कुटुंबं ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात आणि ज्या मुलांना याची सगळ्यात जास्त गरज असते तीच नेमकी वर्गातून जातात. म्हणून जुलै ते सप्टेंबर. मध्ये पोळा येतो. तेव्हा मुलं मातीचे बैल करतातच. ते बैल वर्गात आणू द्या, रोझीची आणि त्यांची ओळख होऊ द्या. 'टू हॉर्न्स' हा शब्द आमच्या वर्गात पोळ्यालाच आला होता, पुस्तकात तो नव्हता.

एक सावधगिरी. श्रावणात आपल्याकडे घरोघरी कानबाई ही देवी बसते. घरी नारळाला डोळे, नथ लावून सजवलेलं मुलांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे एखादी मुलगी तशी बाहुली करायला घेतेच. माझ्या वर्गात एकीने केली आणि तिच्या आजी दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या. त्यांचं बरोबर होतं. देवीला पिशवीत हात घालून बोलवायचं नसतं. आम्ही ती बाहुली सन्मानाने घरी दिली आणि मुलीने स्वतःच्या आजीचीच बाहुली केली, नऊवारीची, नथीसकट. ती बाहुली रोझीला फार रागवायची. देवदेवता सोडून बाकी सगळं करू द्या, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

बाहुल्या तयार झाल्या की कार्यक्रम ठेवायचा मोह होईल. नका ठेवू. त्याऐवजी त्यांना एकमेकांना भेटू द्या. दोन-दोन बाहुल्या समोरासमोर, प्रत्येकीला दुसरीबद्दल तीन गोष्टी शोधायच्या आहेत: तिला काय आवडतं, काय येतं, काय नाही. 'डू यू लाइक बनाना?' 'नो, आय लाइक बोन.' याला पाठांतर लागत नाही, कारण उत्तर आधी कुणालाच माहीत नसतं. 'बोन्स' हवं होतं ते राहिलं, तर राहू द्या. पालकांना बोलवायचंच असेल तर दुकान मांडा आणि पालकांना गिऱ्हाईक करा. मुलं त्यांना मागायला शिकवतील.

साहेबांना काय दाखवायचं? बाहुल्या दाखवू नका, नोंदी दाखवा. आकारिक मूल्यमापनासाठी वर्णनात्मक नोंदी आपण लिहितोच, त्यातल्या बऱ्याच एकमेकींसारख्या असतात हे तुम्हालाही माहीत आहे. या कामात त्या खऱ्या होतात. दुकानाशेजारी एक वही ठेवा आणि रोज फक्त पाच मुलांचं, जसं ऐकलं तसं लिहा. तारीख, मूल, त्याने म्हटलेले शब्द. 'बोट दाखवलं.' 'रेड.' 'रेड वूल.' 'गिव्ह मी रेड वूल, नॉट धिस.' एकाच मुलाच्या चार तारखा एकाखाली एक दिसल्या की इंग्रजी कुठे आहे हे कुणी विचारत नाही. तरीही कुणी या कामाला खेळ म्हणालं तर सांगा, दिल्लीची सीसीआरटी (सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र) ही संस्था 1979 पासून आहे आणि शिक्षकांना शिक्षणातल्या बाहुल्यांचं प्रशिक्षण देते. तिथे नाव नोंदवता आलं तर जरूर जा.

शेवटी त्या सात मुलांबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात ती एका ओळीत आली असली तरी तुम्हाला खरी काळजी त्यांचीच आहे असं मला वाटलं. तुम्ही लिहिलंय, त्यांना मराठीच धड येत नाही, इंग्रजी कशी येणार. मी शिरपूर तालुक्यात असताना माझ्याही वर्गात पावरा मुलं होती. त्यांना मराठीच्या तासाला रोज हरल्यासारखं व्हायचं, कारण बाकीची मुलं घरूनच पुढे निघून आलेली असायची. रोझीच्या दुकानात मात्र सगळी एकाच रेषेवर उभी होती. रोझीला मराठी येत नव्हती, तशी त्यांनाही येत नव्हती. एक मुलगी जूनपासून ऑगस्टपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. ती बकरीजवळ बसायची, कान कुरवाळायची. एके दिवशी रोझीने तिला पिवळा कागद दिला आणि तिने तो परत ढकलला, 'नो.' मग निळ्या कागदावर बोट ठेवून, अगदी हळू, 'धिस.' त्या बकरीशी बोलता बोलता ती पुढे माझ्याशीही बोलायला लागली, आधी इंग्रजी दोन-चार शब्दांत, मग मराठीत.

तेव्हा त्या सातांना पाचही गटांत विखरू नका, दोन-दोनच्या जोडीने तीन गटांत ठेवा आणि उरलेल्या एकाला दुकानात रोझीच्या मदतीला बसवा. त्यांच्या घरच्या बोलीत 'बकरी'ला काय म्हणतात ते त्यांच्याकडून शिकून घ्या आणि तो शब्द फळ्यावर 'गोट'च्या शेजारी लिहा. सोमवारी एक जुना मोजा, दोन काळ्या टिकल्या आणि थोडा कापूस घेऊन वर्गात जा आणि मुलांसमोरच बकरी करायला बसा, इंग्रजीत पुटपुटत. त्यांना काही करायला सांगू नका. पहिल्या दिवशी फक्त एक कान लावा आणि तास संपवा.